झटका एक, गिअर एक
अमेरिकी ड्रॅग रेसमधला पाव मैल, म्हणजे 402 मीटर, काही सेकंदांत संपतो. घोळ होतो तो हाताच्या झटक्यात. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना लिव्हर घसरून न्यूट्रलमध्ये गेला, की भार सुटलेलं इंजिन किंचाळत सुटतं. रिव्हर्सपर्यंत गेला तर विचारूच नका. म्हणून ड्रॅग रेस चालवणाऱ्या एनएचआरए या संघटनेच्या नियमांत रिव्हर्स लॉकआउट, म्हणजे रिव्हर्स अडवणारा खटका, आलाच; न्यूट्रल सेफ्टी स्विचही आहे, पण तो गाडी गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होऊ नये यासाठी. माझं मत रॅचेट शिफ्टरला: एका झटक्याला एकच गिअर. चकचकीत मुठीवर भाळू नये. खटका न उचलता दांडा रिव्हर्सकडे सरकतो का, ते दुकानातच पाहावं. 1970 मध्ये ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला तो मात्र ट्रान्समिशन फुटून. त्यासाठी कवच वेगळं लागतं.