चहाचा मसाला आणि औषधाचे दावे

चहाच्या मसाल्याच्या पुड्यांवर व जाहिरातींत आजकाल जी भाषा आढळते, ती वाचून एखाद्या परकीयास असें वाटावें कीं, या देशांत वैद्याची गरजच उरलेली नाहीं. सर्दीपासून मधुमेहापर्यंत सर्व व्याधि एका पेल्यांत नाहींशा करण्याचें अभिवचन चिमूटभर भुकटीच्या माथीं मारलें जात आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्याच्या आरोपावरून टिळक-रानडे प्रभृति मंडळींवर ग्रामण्य आलें होतें. त्याच चहाचीं आज आयुर्वेदाच्या नांवानें स्तोत्रें गाइलीं जावींत, हा कालमहिमाच म्हणावयाचा! चरकसुश्रुतांस हें पेय ठाऊकही नव्हतें; आसामांत त्याची लागवड वाढली ती एकोणिसाव्या शतकांत, इंग्रजांच्या व्यापारासाठीं.

मसाल्याची निंदा करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. सुंठीस आमच्या वैद्यांनीं विश्वभेषज व महौषध म्हटलें आहे. सुंठ, मिरी व पिंपळी यांचा त्रिकटु अग्निदीपक व कफनाशक म्हणून शतकानुशतकें वापरांत आहे. आल्यानें गरोदर स्त्रीची मळमळ कमी होते, हें आधुनिक प्रयोगांतही दिसून आलें आहे. मात्र त्यांत दिवसास सुमारें एक ग्रॅम सुंठ मोजून दिलेली असे. लवंगेंतील युजेनॉल दंतवैद्य आजही वापरतात. पण दालचिनीनें मधुमेह हटतो या म्हणण्यास तितका भरभक्कम आधार नाहीं. शिवाय बाजारांत दालचिनी म्हणून जी मिळते, ती पुष्कळदां कॅसिया नांवाच्या निराळ्या झाडाची जाड साल असते. तिच्यांतील कुमारिन नित्य व अधिक प्रमाणांत पोटांत गेल्यास यकृतास अपाय होऊं शकतो. पी हळद आणि हो गोरी, या उतावळेपणाची थट्टा आमच्या म्हणींनीं पूर्वींच केलेली आहे.

कोणी म्हणेल, पूर्वजांच्या ज्ञानास अशी साक्षीपुराव्याची कसोटी लावणें हें परकीयांचें दास्य होय. आमचें मत नेमकें उलट आहे. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणाबद्दल १९९५ सालीं अमेरिकेंत पेटंट देण्यांत आलें, तें आमच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें १९९७ सालीं रद्द करविलें. कशाच्या बळावर? वारशाच्या नुसत्या आरोळीनें नव्हे. जुने संस्कृत ग्रंथ व छापील लेख पुराव्यादाखल पुढें मांडून. जो पुरावा दाखवून आपण परक्याचा दावा हाणून पाडला, तसाच पुरावा स्वदेशी व्यापाऱ्याकडे मागण्यांत कमीपणा कसला? कायद्याचीही उणीव नाहीं. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्यानें मना आहे. आणि खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या ५३ व्या कलमान्वयें दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. उणीव आहे ती अंमलाची.

या सर्व महिमागानांत पेल्यांतील चहा व साखर मात्र कोणाच्या ध्यानांत राहत नाहींत. पेल्यास दोन चमचे साखर धरली, तर तीन पेल्यांत चोवीस ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस दिवसभरांत शक्य तर पंचवीसच्या आंत राहण्यास सांगितलें आहे! याहूनही गंभीर गोष्ट चहाच्या पानांची. त्यांतील टॅनिनसारख्या द्रव्यांमुळें भाकरी, डाळ व पालेभाज्या यांतील लोह अंगीं लागण्यास मोठा अडथळा येतो. आणि हें त्या देशांत, जेथें २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ रक्तक्षयग्रस्त आढळल्या! पहांटेपासून राबणारी स्त्री सर्वांच्या मागून जेवते, भूक चहावर मारते आणि जेवणावरही चहाच घेते. तिच्या पेल्यांत वेलची घातल्यानें हें लोह परत येत नाहीं.

अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनीं मसाल्याच्या पुड्या उघडून दालचिनी कोणती व दावा कोणता हें तपासावें, आणि दोषी व्यापाऱ्यांवर खटले भरावेत. आरोग्यकेंद्रांत लोहाच्या गोळ्या वांटणाऱ्या सेविकांनीं प्रत्येक स्त्रीस बजावून सांगावें कीं, गोळी चहाबरोबर घेऊं नये आणि जेवणानंतर निदान तासभर चहा टाळावा. तासाभरानें आल्याचा चहा तिनें खुशाल घ्यावा. घरांतील दुसऱ्या कोणी तो करून दिल्यास अधिक बरें.