डीजे नको, जलसा उभा करा!

१४ एप्रिल जवळ आला की मीरा-भाईंदरच्या वस्त्यावस्त्यांत जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी किती काढायची, मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची आणि डीजे कुठला आणायचा, हे तीन विषय ठरलेले. बैठक उठते तेव्हा वर्गणीतला मोठा वाटा डीजेवाल्याच्या नावावर लिहिलेला असतो. घरकाम करणाऱ्या बाईने, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराने पोटाला चिमटा काढून दिलेला हा पैसा एका रात्रीत भिंतींना हादरे देऊन संपतो. सकाळी उरते ती फक्त कानातली शिट्टी.

याच शहरात २०२२ साली महापालिकेचे लता मंगेशकर नाट्यगृह सुरू झाले. त्याआधी नाटक पाहायचे तर बोरिवली नाहीतर ठाणे गाठावे लागे. आता रंगमंच दारात आला आहे. या रंगमंचावर जलसा करायचा, असा ठराव आपल्यापैकी किती मंडळांनी केला? हा प्रश्न महापालिकेला नंतर विचारू. आधी तो स्वतःला विचारला पाहिजे.

कुणी म्हणेल, गाण्याबजावण्याचा एवढा बाऊ कशाला? परंतु गाणे आणि नाटक एकत्र आले की ती नुसती करमणूक राहत नाही. कोण नायक, कोण विदूषक, कोण पूज्य आणि कोण तुच्छ, हे तिथे ठरते आणि लोकांच्या ओठांवर बसते. प्रस्थापितांना हे कधीचेच कळले आहे.

१८४३ साल घ्या. सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. त्यामागे सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. अवघ्या बारा वर्षांनी, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. शेतकरी कुटुंबाला लुबाडणारा भट त्यांनी नाटकात उभा केला. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. एका नाटकाला राजाश्रय आणि दुसऱ्याला नकार, इथेच आपल्या रंगभूमीची वर्णव्यवस्था स्पष्ट होते. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि संगीत नाटकाचा सुवर्णकाळ सुरू झाला असे आपण शाळेत शिकलो. त्याच काळात तमाशाचा फड जगवणारे महार, मांग, कोल्हाटी कलावंत मात्र गावकुसाबाहेरच राहिले.

आता सातासमुद्रापलीकडे पाहा. त्याच १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये चार गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' या नावाने खेळ सुरू केला. काळ्या गुलामाची बोली, त्याची चाल, त्याचे गाणे यांची टवाळी करायची आणि गोऱ्या प्रेक्षकाला हसवायचे, हा त्यांचा धंदा. त्याआधी टी. डी. राइस या गोऱ्या नटाने 'जिम क्रो' नावाचे असेच एक सोंग गाजवले होते. पुढे काळ्यांना वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा नळ ठरवणाऱ्या कायद्यांना याच सोंगाचे नाव चिकटले. रंगमंचावरचे विडंबन आणि समाजातली विटंबना यांचे नाते यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल? अमेरिकेच्या ज्या संगीत रंगभूमीचा, ब्रॉडवेचा, जगभर डंका वाजतो, तिच्या पायात हा दगड आहे.

परंतु काळे कलावंत गप्प बसले नाहीत. १९०३ साली 'इन डहोमी' हे काळ्यांनीच लिहिलेले, काळ्यांनीच संगीत दिलेले आणि काळ्यांनीच वठवलेले संगीत नाटक ब्रॉडवेवर आले. त्यातला बर्ट विल्यम्स स्वतः काळा होता, तरी त्याला तोंडाला काजळी फासूनच उभे राहावे लागे. पुढे १९२१ साली नोबल सिसल आणि युबी ब्लेक यांचे 'शफल अलाँग' आले आणि त्याने गर्दी खेचली. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी त्याच शहरात डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस या काळ्या विचारवंताने आपल्या समाजाचा इतिहास सांगणारा 'द स्टार ऑफ इथिओपिया' हा भव्य संगीतमय खेळ शेकडो काळ्या कलावंतांना घेऊन उभा केला. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले, ते हेच दुबॉइस.

१९२७ चा डिसेंबर तर आपल्याला पाठ आहे. २५ तारखेला महाडला मनुस्मृती जळाली. दोनच दिवसांनी, २७ डिसेंबरला, न्यूयॉर्कमध्ये 'शो बोट' हे नाटक रंगमंचावर आले. त्यात मिश्र रक्ताची एक नटी गोऱ्या नवऱ्याबरोबर राहते म्हणून पोलीस येतात. नवरा तिच्या हाताला चीर देऊन तिचे रक्त तोंडात घेतो आणि आपल्याही अंगात काळे रक्त असल्याचे सांगतो. आंतरजातीय लग्न केलेल्या आपल्या पोरापोरींना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. नाटक धाडसाचे होते. पण याच नाटकात क्वीनी या काळ्या स्वयंपाकिणीचे काम एका गोऱ्या नटीने तोंड काळे करून केले! कळवळा आमचा, गाणे आमचे, दुःखही आमचे. आणि रंगमंच त्यांचा. मग पॉल रोबसन या काळ्या गायकाने काय केले? या नाटकातल्या नदीच्या प्रसिद्ध गाण्याचे हताश शब्द आपल्या कार्यक्रमांत बदलले आणि त्या गाण्यातून लढण्याची भाषा बोलायला सुरुवात केली.

आपल्याकडे हे काम जलशाने केले. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात प्रबोधन भरले. तोच वारसा घेऊन नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. ढोलकी तीच, पण शृंगाराच्या जागी काळाराम मंदिराचा सत्याग्रह, शिक्षण, दारूबंदी, मेलेल्या गुरांचे मांस सोडण्याचा निर्धार असे विषय आले. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्याला बाबासाहेबांचा विचार जलशाने ऐकवला. स्वतः बाबासाहेबांनी जलशाला आपल्या सभांच्या वरचे मोल दिल्याचे जुनी माणसे सांगत आली आहेत. आणि महाडच्या लढ्यासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे पैसे देऊ केले, तेव्हा आपल्याच भगिनींना नाचवून मिळवलेला पैसा म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला. कला हवी, पण स्वाभिमान गहाण टाकून नको, हा त्यातला धडा.

आता डीजेच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही ऐकू. ज्या रस्त्यावरून आपल्या आजोबांना ताठ मानेने चालता येत नव्हते, त्या रस्त्यावर नातवंडे नाचतात, यात आनंद आहे आणि तो कुणी हिरावून घेऊ नये. तरुणांना नवा ठेका हवा, हेही खरे. तर मग नव्या ठेक्यातच जलसा करा! २०१५ साली अमेरिकेत 'हॅमिल्टन' हे नाटक आले. काळ्या वस्त्यांत जन्मलेल्या रॅपमध्ये त्याने देशाचा इतिहास सांगितला आणि राष्ट्रपुरुषांच्या भूमिका काळ्यासावळ्या कलावंतांना दिल्या. मात्र त्यातले नायक गुलाम बाळगणारे होते आणि त्या गुलामांना नाटकात जागा नाही, ही टीका काळ्या लेखकांनीच केली. म्हणजे ठेका आपला असून भागत नाही, कथाही आपली हवी. दिल्लीत २०२२ साली तिथल्या सरकारने बाबासाहेबांच्या जीवनावर भव्य संगीतनाट्य केले. लोकांनी ते विनामूल्य पाहिले, चांगले झाले. परंतु सरकारी खर्चाचा भपका सरकारच्या सोयीनेच बोलणार. त्याउलट २०१२ साली आलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' पाहा. कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगतांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे, कलावंत जालना जिल्ह्यातले. गाण्यांनी भरलेल्या त्या नाटकाने दंगलीच्या राजकारणातून रयतेचा शिवाजी सोडवून आणला. हा आपला ब्रॉडवे!

म्हणून मीरा-भाईंदरच्या मंडळांसमोर सरळ प्रस्ताव ठेवतो. यंदाच्या वर्गणीतला निदान तिसरा हिस्सा जलशासाठी बाजूला काढा. नवघर, काशिमीरा, पेणकरपाडा अशा वस्त्यांतून दहा-दहा मुलेमुली निवडा. शाहीर म्हणून मुली पुढे उभ्या राहू द्या. कोकणातून, नाशिककडून, मराठवाड्यातून इथे आलेल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात जुनी भीमगीते आहेत, ती मोबाईलवर आजच नोंदवून घ्या. ते गेले की गाणेही गेले. विषय शोधायला लांब जायला नको. कंत्राटी सफाई कामगार आहे, मिठागरांच्या जागेवर उठणारे टॉवर आहेत, भाड्याचे घर देताना हळूच विचारले जाणारे आडनाव आहे. आणि महापालिकेकडे एकत्र जाऊन मागणी करा की ११ एप्रिल ते १४ एप्रिल या दिवसांत नाट्यगृह सवलतीच्या दराने जलशाला मिळालेच पाहिजे.

डीजे भाड्याने मिळतो. जलसा भाड्याने मिळत नाही, तो आपल्यालाच उभा करावा लागतो. पुढच्या बैठकीत वही उघडाल तेव्हा पहिल्या ओळीवर डीजेचे नाव लिहू नका, जलशाचे लिहा.

जय भीम!