जीप उंच केली, कोन कोण बघणार?

जुन्या महिंद्रा जीपच्या मागच्या पाट्यांना लांब शॅकल लावायचे नि ताम्हिणीला सुटायचं, ही आपल्या हॉस्टेलची जुनी हौस. माझीही! पण गाडी उंच होताना पिनियनचं तोंड वर वळतं. युनिव्हर्सल जॉइंट तिरका फिरला की शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन जवळपास सारखे असले तरच हिशोब फिटतो, फरक फार तर एका अंशाचा. आम्ही टायर बॅलन्स करत बसलो. थरथर तशीच, आणि पौडच्या अलीकडे क्रॉस तुटला. (धक्का मारत आलो, विचारू नका.)

हूक्स जॉइंटची गणितं सोडवून मार्क घेतलेत ना आपण? मग गाडी सपाट जागी चाकांवर उभी करून कोनमापक नि ओळंबा लावायला लाज कसली? वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला हेच ठेवा की सर! कोन चुकला तर पाट्याला तिरकी पाचर बसते, अर्ध्या दिवसाचं काम.