थांबायलाही पैसा लागतो

मेळघाटातल्या धारणीत पैशाविषयी दोन वाक्यं वरचेवर कानी पडतात. पहिलं सेमाडोह-कोलकासला दोन दिवस राहून गेलेल्या पाहुण्याचं: 'काय समाधानी माणसं आहेत ही! पैशाची हाव म्हणून नाही.' दुसरं इथे नोकरी-धंदा करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या बैठकीतलं: 'यांना कितीही द्या, होळीला फगव्यात उडवून मोकळे.' एका वाक्यात इथला कोरकू आदिवासी संत ठरतो, दुसऱ्यात उधळ्या. दोन्ही वाक्यं खोटी आहेत आणि दोन्ही बोलणाऱ्याच्या सोयीची आहेत. पहिल्याने द्यायची जबाबदारी टळते, दुसऱ्याने दिलेलं वेळेवर पोचलं का हे विचारायची.

आधी समाधानाचं पाहू. ज्या मेळघाटाचं नाव १९९०च्या दशकापासून कुपोषण आणि बालमृत्यूंच्या बातम्यांतून राज्यभर गेलं, तिथल्या माणसाला पैशाची गरज नाही असं म्हणायला जीभ कशी रेटते? पोर रात्री तापाने फणफणलं तर परतवाड्याचा घाट फुकट उतरता येत नाही. दिवाळी सरली की गावोगावची घरं कुलूपबंद होतात. माणसं पोराबाळांसह परतवाडा, अकोट, अमरावती, बऱ्हाणपूरकडे मजुरीला निघतात आणि होळीला परततात. पैसा नको असलेला माणूस तान्हं लेकरू वीटभट्टीच्या धुरात निजवत नाही.

इथे बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. एक रुपया फी घेणारे डॉक्टर, २०१९ साली दोघांनाही पद्मश्री. पाहा, पैशावाचून आयुष्य किती मोठं होतं! त्यांच्या मोठेपणाबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्यांनी पैसा सोडला तो स्वतः निवडून. बैरागडच्या मजुराने काहीच निवडलेलं नाही. शिवाय याच दांपत्याने तिथे शेती केली, रेशनचं दुकान चालवलं, शेती फायद्यात कशी आणायची हे लोकांना सांगितलं. स्वतः कमी घेणारी ही माणसं दुसऱ्याच्या हाती चार पैसे कसे उरतील याच्या मागे लागली. आपण मात्र त्यांच्या गोष्टीतला एक रुपया तेवढा लक्षात ठेवला.

गाडगेबाबांच्या बाबतीतही आपण हेच केलं. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेला डेबू मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. त्या मामाची शेती सावकाराच्या कागदात अडकून गेली, हे त्यांच्या सगळ्या चरित्रांत आहे. पुढे कीर्तनात कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न करू नका, जेवणाचं ताट मोडा पण पोराला शाळेत घाला, असं ते कळवळून सांगत. हा उपदेश पैशाला पाप मानणाऱ्याचा नाही, कागदावर अंगठा उठताना पाहिलेल्या पोराचा आहे. त्यांनी स्वतःसाठी काही ठेवलं नाही. पण नाशिक, पंढरपूर, आळंदीच्या धर्मशाळा काही चिंध्यांवर उभ्या राहिल्या नाहीत. लोकांचे पैसे त्यांनी जमवले, विश्वस्तांच्या हाती दिले आणि त्यातली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली. पैशाचं मोल कळल्याशिवाय हे होत नाही.

आणि तुकोबा? त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ही कथा पैसा तुच्छ असल्याचा पुरावा म्हणून सांगितली जाते. परंपरेतली ती कथा पूर्ण ऐका. बुडवले ते आपल्या वाट्याचे कागद. धाकटा भाऊ कान्होबा, त्याचा अर्धा हिस्सा त्याला आधी दिला. म्हणजे तुकोबांनी लोकांवरचं आपलं येणं सोडलं. घेणेकऱ्याने येणं सोडणं आणि देणेकऱ्याला 'समाधानी राहा' म्हणणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपण पहिलं करत नाही, दुसरं मात्र फुकटात करतो.

आता उधळपट्टीचं. गेली कित्येक वर्षं मी या तालुक्यात शिकवतो. एका उन्हाळ्यात गावातल्या एका बाईच्या अंगणात बसलो होतो. मोहाचा हंगाम. पहाटेच्या अंधारात झाडाखालचं आवार झाडून वेचलेली फुलं तिने वाळत घातली होती. दोन-तीन उन्हं खाऊन ती काळपट, सुरकुतलेली आणि हलकी झाली होती. टोपलीभर वेचावीत तेव्हा कुठे वाळून ओंजळभर वजन भरतं. दुपारी व्यापाऱ्याची गाडी आली, काटा लागला आणि सगळी पोती उचलली गेली. मी न राहवून म्हटलं, 'बाई, पावसाळ्यात हाच मोह तुम्हीच चढ्या भावाने विकत घेता. दोन महिने घरात ठेवला असता तर?' ती माझ्याकडे न बघता म्हणाली, 'गुरुजी, थांबाले बी पैसा लागते ना.'

अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकाने मला संपत्तीबद्दल इतकं शिकवलेलं नाही. श्रीमंती घामात मोजली असती तर ती बाई धारणीतली सगळ्यात श्रीमंत असती. बुद्धीत मोजली असती तरी कमी पडली नसती. भाव कधी चढतो हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. तिच्याकडे नव्हते ते मधले दोन महिने. ज्याला थांबता येतं त्याला भाव मिळतो, ज्याला थांबता येत नाही त्याचा माल पडेल त्या भावाने जातो. मोहाचं जे, तेच सोयाबीनचं. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या कितीतरी खाली गेला. हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी, ओलाव्याची तपासणी, बारदाना, मग खात्यात पैसे. ज्याच्या दारात कृषी केंद्राची उधारी उभी आहे तो ही रांग लावत नाही.

हे काही आज कळलेलं नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून खायला दाणे उचलायचे आणि त्या बदल्यात उभं पीक लिहून द्यायचं, याला पालेमोड म्हणत. तिला आळा घालायला महाराष्ट्राने १९७६ साली आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा केला. त्यातूनच आदिवासी विकास महामंडळाची एकाधिकार खरेदी आणि खायच्या दाण्यांसाठीचं खावटी कर्ज आलं. कायदा करणाऱ्यांनी नेमकं दुखणं ओळखलं होतं: आषाढ-श्रावणातली ती रिकामी कणगी. कोरोनाच्या वर्षी, २०२० साली, खावटीचं अनुदान झालं, कुटुंबाला ४,००० रुपये, अर्धे रोख आणि अर्धे वस्तूंत. ते हाती पडेपर्यंत ज्याची कणगी रिकामी झाली होती त्याने दाणे कुठून उचलले असतील ते सांगायला नको.

त्या सावकारी कर्जाचा हिशेब बघा. इथे 'पाच टक्क्याने' म्हणजे वर्षाला नव्हे, महिन्याला. दहा हजार उचलले की महिन्याला पाचशे व्याज. वीस महिन्यांत दहा हजार व्याजात गेले आणि मूळ दहा हजार जिथल्या तिथे. २०१४च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे त्याच रकमेवर महिन्याला शंभर. व्याज मुदलापेक्षा जास्त घेता येत नाही हा दामदुपटीचा जुना नियमही त्यात कायम आहे, आणि परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे.

मग ती पाच टक्क्याने देणारी माणसं कोण? इथे माझ्याच बिरादरीला बोललं पाहिजे. पगाराची शिल्लक व्याजाने फिरवणारे आपल्यातही आहेत, हे गावात कुणापासून लपलेलं नाही. मला बँकेने घरासाठी नऊ टक्क्यांच्या आसपास कर्ज दिलं ते माझं शहाणपण पाहून नव्हे, पगारपत्रक पाहून. एक तारखेला पैसे येणार ही खात्रीच माझं भांडवल आहे. तिच्या जोरावर मी विमा काढला, भविष्य निर्वाह निधी साठवला, प्लॉट घेतला, आणि मग मजुराला काटकसरीचे धडे देऊ लागलो. मेहनतीचं फळ, मेहनतीचं फळ असं आपण म्हणतो; त्या फळात नेमून दिलेल्या तारखेचा वाटा किती, हे कुणी बोलत नाही.

त्या मजुराची तारीख कोणती? २००५च्या रोजगार हमी कायद्याने १५ दिवसांत मजुरी देणं बंधनकारक केलं. होळी तोंडावर आली तरी मजुरी जमा नाही, अशी वर्षं मेळघाटाने पाहिली आहेत. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर होता दिवसाला ३१२ रुपये. शंभर दिवस पुरे भरले तरी वर्षाचे ३१,२०० होत. पाच तोंडांच्या घरात ते माणशी रोज सतरा रुपये पडत. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण सतरा रुपयांच्या अंथरुणावर पाय आखडून कुणी श्रीमंत झालेलं नाही. राहिला फगवा. चार-पाच महिने घराबाहेर राबून आलेली माणसं पाच दिवस नाचतात, एकमेकांकडे जेवतात, तुटलेली नाती जोडतात. पुढच्या आजारपणात, पेरणीत हीच नाती दारात उभी राहतात. त्याला उधळण म्हणणाऱ्याने आपल्या मुलाच्या लग्नातल्या मंडपाचं बिल आधी काढून पाहावं.

मात्र इथे थांबलो तर मीही खोटाच ठरेन. दोष सगळा व्यवस्थेचा, घराचा काहीच नाही, हेही सोयीचंच वाक्य आहे. पूजेसाठी, पाहुण्यासाठी काढलेली मोहाची दारू, सिडू, वेगळी आणि रोज संध्याकाळी दुकानात रिचवलेली बाटली वेगळी. मजुरी पुरुषाच्या हाती पडली आणि घरी पोचेपर्यंत निम्मी झाली, हे बायका मला सांगतात ते काय गंमत म्हणून? लग्नात डीजे लावण्यासाठी एका मायक्रोफायनान्स कंपनीचं गटकर्ज उचललं जातं, ते फेडायला दुसऱ्या कंपनीचं. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून अशा कर्जांना नियम घातला की घराचे सगळे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असू नयेत. कागदावर उत्पन्न फुगवून लिहिलं की नियम पाळल्यासारखा दिसतो आणि हप्त्याच्या दिवशी शेजारणींना एकमेकींच्या दाराशी बसावं लागतं. गरिबाच्या चुका श्रीमंताच्या चुकांपेक्षा जास्त नसतात, पण त्याला त्या महाग पडतात. म्हणून त्या त्याला सांगितल्याच पाहिजेत, तोंडावर आणि आदराने.

तर मांडायचं ते हे: संपत्ती म्हणजे थांबण्याची ताकद, आणि ती थोडक्या पैशातही बांधायला घेता येते. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल घ्या, सहा टक्के व्याज, सहा महिने मुदत. चाळीस हजारांच्या मालावर तीस हजार मिळाले तर सहा महिन्यांचं व्याज नऊशे. पाच टक्क्यांच्या सावकाराकडे तेच नऊ हजार. थांबलं की भाव वाढतोच असं नाही, पण विकायचं कधी हे आपण ठरवतो. ही सोय धारणीच्या शेतकऱ्याला आपल्याच गावात आणि सहज मिळाली पाहिजे. मोहालाही असंच गोदाम हवं: बचत गटाने एप्रिलमध्ये आपल्याच बायांचा मोह चालू भावाने घ्यावा आणि श्रावणात त्यांनाच माफक फरकाने द्यावा.

हे स्वप्नरंजन नाही. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीरने वनहक्क मिळाल्यावर सीताफळं ठेकेदाराला देणं बंद केलं, स्वतः प्रतवारी केली, डब्यांत भरली आणि 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने मुंबईपर्यंत विकली. २०१४ साली त्या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. झाडं तीच होती, फळं तीच. दर ठरवणारा बदलला.

आणि जे उद्याच करता येईल ते शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी, आशाताईंनी करावं. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आहे, ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा. दोन्हींचा हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापला जातो. खात्यात तेव्हा ४५६ रुपये नसले की संरक्षण गेलं, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर माणूस दगावला तर घराच्या हाती काही नाही. मे म्हणजे मोहाचा पैसा नुकता हाती आलेला आणि तेंदूपत्त्याची मजुरी चाललेली. हप्ता कापायच्या आधीच ग्राहक सेवा केंद्रावर सोबत जाऊन, मजुरीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या खात्यात हे ४५६ रुपये भरून घ्यायचे आहेत आणि पावती घरच्या बाईच्या हाती द्यायची आहे.