उत्तराची परीक्षा कोण घेणार?

कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्याच्या डोंगराकडील तालुक्यांत गेल्या काही दशकांत अभियांत्रिकी शिक्षणाची सोय झाली. कर्जतचे कोकण ज्ञानपीठ आणि खालापूर तालुक्यातील कुंभिवलीचे विश्वनिकेतन ही त्यांतील परिचित नावे. संगणकशास्त्र शिकण्यासाठी मुंबई-पुण्यात खोली घेण्याची गरज उरली नाही, हा लाभ लहान नव्हे. पण पदवी हाती येण्यापूर्वीच या मुलामुलींना आणखी एका चाळणीतून जावे लागते. नोकरी देणाऱ्या कंपन्या ठरावीक वेळात प्रोग्रॅम लिहावयास लावणाऱ्या परीक्षा घेतात. त्यांच्या सरावासाठी, मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने २००९ मध्ये सुरू केलेल्या कोडशेफसारख्या स्पर्धा आहेत. या चाळणीत गळणारे सर्वच बुद्धीने कमी असतात असे मानण्याचे कारण नाही. आपले उत्तर आपणच तपासण्याची विद्या त्यांतील अनेकांना कोणी शिकविलेली नसते, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

अशा परीक्षेत प्रश्नासोबत नमुन्याची दोन-तीन उदाहरणे असतात. विद्यार्थी प्रोग्रॅम लिहितो, नमुन्याचे उत्तर जुळले की तो दाखल करतो, आणि पडद्यावर ‘उत्तर चूक’ एवढाच शेरा उमटतो. कोणत्या आकड्यांवर चुकले हे बहुधा सांगितले जात नाही. कारण खरी परीक्षा लपविलेल्या उदाहरणांवर होत असते. मग अंदाजाचा खेळ सुरू होतो. येथे एक मिळवून पाहा, तेथे चिन्ह बदलून पाहा. यात वेळ जातो, धीर सुटतो आणि शिक्षण काहीच होत नाही.

एक साधे उदाहरण पुरेसे आहे. आकड्यांच्या यादीतून सलग आकड्यांची मोठ्यात मोठी बेरीज काढावयाची आहे, आणि निदान एक आकडा घेतलाच पाहिजे. यादी एकदाच वाचून उत्तर देणारी चलाख रीत प्रसिद्ध आहे. पण ती लिहिताना मोठ्यात मोठ्या बेरजेची सुरुवात शून्यापासून करण्याची चूक सहज होते. यादीत एखादा जरी धन आकडा असला तरी उत्तर बरोबर येते; सगळे ऋण निघाले की प्रोग्रॅम शून्य सांगून फसतो. यावर उपाय म्हणजे दुसरा, मंद आणि भाबडा प्रोग्रॅम. तो प्रत्येक आरंभ व प्रत्येक शेवट घेऊन सरळ बेरजा करतो. यादी दोन लाख आकड्यांची असेल तर त्याला सुमारे दोन हजार कोटी तुकडे तपासावे लागतील, म्हणून परीक्षेत तो निरुपयोगी. पण चार-पाच आकड्यांच्या यादीवर त्याची साक्ष भरवशाची असते. तिसरा छोटा प्रोग्रॅम वजा तीन ते तीन यांमधील आकडे यदृच्छेने उचलून अशा हजारो याद्या बनवितो, आणि चौथा दोन्ही उत्तरे ताडून पाहत पहिल्या मतभेदाशी थांबतो. काही क्षणांत एक-दोन ऋण आकड्यांची यादी समोर येते, आणि चूक नेमकी कोठे आहे हे कागदावर बोट ठेवून दाखविता येते.

ही साधने बांधताना काही पथ्ये पाळावी लागतात. फसलेली यादी पुन्हा जशीच्या तशी चालविता यावी म्हणून ती जपून ठेवावी लागते, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तिची फेरपरीक्षा घ्यावी लागते. जेथे एकाहून अधिक उत्तरे ग्राह्य असतात, तेथे उत्तर अटी पाळते की नाही एवढेच पाहणारा स्वतंत्र तपासनीस लिहावा लागतो. स्वीडनमधील चामर्स विद्यापीठाचे क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० मध्ये मांडलेले क्विकचेक हे साधन याच विचारावर उभे आहे.

कर्जतकरांना हा विचार परका वाटू नये. कर्जत-३, कर्जत-७ या भाताच्या जाती येथील कृषी संशोधन केंद्राचे नाव सांगतात. भाताची नवी जात एका वाफ्यात डोलली म्हणून कोणी ती शेतकऱ्याच्या हाती देत नाही. परिचित जात शेजारी लावून, निरनिराळ्या जमिनींत आणि हंगामांत तिची तुलना होते. शेजारची जात असामान्य नसते. पण तिचा गुण ठाऊक असतो, आणि तुलनेला तेवढेच हवे असते. भाबड्या प्रोग्रॅमचे कामही याहून वेगळे नाही.

अर्थात या चाचण्यांनाही मर्यादा आहेत. प्रश्नच चुकीचा वाचला असेल तर दोन्ही प्रोग्रॅम एकमताने चुकतील. काही दोष लहान यादीवर दिसतच नाहीत. क्रमवार यादी निम्मी-निम्मी करीत शोध घेणाऱ्या, जावा भाषेसोबत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असा एक दोष सुमारे नऊ वर्षे दडून होता. यादी शंभर कोटींच्या पलीकडे गेली की आतील एक बेरीज मर्यादेबाहेर जात असे. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये तो उघड केला. चाचणीने दोषाचे अस्तित्व सिद्ध होते, अभाव नव्हे, हे डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी त्याच्या किती तरी आधी बजावले होते. म्हणूनच लहान याद्यांच्या जोडीला अतिमोठ्या याद्या आणि घड्याळ हवेच.

या खटाटोपात परीक्षेचा वेळ जातो, असा आक्षेप घेतला जाईल. पण ताडून पाहणारा भाग एकदाच लिहावयाचा असतो. प्रत्येक प्रश्नाला नवे लागते ते थोडेच. जेथे बाहेरचे काही वापरण्यास बंदी असते, तेथेही सरावात कमावलेली नजर सोबत येते. दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता मागताक्षणी प्रोग्रॅम लिहून देत असताना हे कशाला? उलट, लिहिणे स्वस्त झाले की पारखण्याचे मोल वाढते. प्रोग्रॅम आणि त्याची चाचणी दोन्ही एकाच यंत्राकडून घेणे म्हणजे आरोपीलाच न्यायासनावर बसविणे होय.

शहरातील विद्यार्थ्याला शिकवणी वर्ग असतात, चूक दाखविणारे जाणकार असतात. कशेळे किंवा चौक येथून येणाऱ्या, घरात पहिलीच पदवी घेणाऱ्या मुलीला ते मिळतीलच असे नाही. तिने स्वतः बांधलेले साधन रात्री अकरा वाजताही तिची चूक दाखवील, आणि फी मागणार नाही. म्हणून प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरविलेल्या उत्तरापेक्षा, मुद्दाम दिलेल्या सदोष प्रोग्रॅमला पाडणारी लहानात लहान यादी शोधण्यास गुण असावेत. त्यासाठी प्रयोगशाळेतील साधे संगणक आणि आठवड्याचा एक तास पुरे आहे. विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचेही कारण नाही. विभागप्रमुखांनी मनावर घेतले तर येत्या सत्रापासूनच हे होऊ शकते.