रेडिओला देव्हाऱ्यातून खाली उतरवा

परवा जेवणाच्या सुट्टीत अमेरिकेत चार वर्षं काढून आलेला एक सहकारी 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी'च्या आठवणी काढत होता. १९७८ ते १९८२ मधली मालिका, एका डबघाईला आलेल्या रेडिओ केंद्रावरची. वर म्हणे, "मराठीत असलं काही होणं शक्यच नाही. आपल्या रेडिओत विनोद करण्यासारखं आहे काय?"

झालं! माझा वरणभात तिथेच गार झाला.

मालिका मी पाहिली आहे. जाहिरातीसाठी हेलिकॉप्टरमधून जिवंत टर्की खाली सोडणारा साहेब सगळ्यांना आठवतो. मला आवडतो तो बातम्या देणारा लेस. त्याला स्वतःची खोली मिळत नाही, म्हणून तो टेबलाभोवती जमिनीवर पट्ट्या चिकटवतो आणि येणाऱ्याने नसलेल्या दारावर टकटक करावी असा आग्रह धरतो. (आमच्या ऑफिसात बसणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.) लोक ही मालिका विसरले नाहीत, कारण ती रेडिओच्या पाया पडत नाही.

आणि आपण? रेडिओ म्हटलं की आपले डोळे पाणावतात. सकाळचा चहा, ट्रान्झिस्टर, गेले ते दिवस. बस्स. मीही त्यातलाच. देवपुरात आजोबा जळगाव केंद्र लावायचे आणि खरखर सुरू झाली की ट्रान्झिस्टर हातात घेऊन ओटाभर फिरायचे. आजी म्हणायची, "बाळाला झोपवताय की बातम्या ऐकताय?" आता सांगा, हा प्रसंग रडण्याचा आहे की हसण्याचा?

मालमसाला नाही म्हणणाऱ्याने 'गीतरामायण' आठवावं. १ एप्रिल १९५५ला पुणे केंद्रावर सुरुवात. असं सांगतात की पहिल्याच गाण्याचा कागद सुधीर फडक्यांकडून हरवला. गदिमा संतापले. मग सीताकांत लाडांनी त्यांना एका खोलीत कोंडलं आणि गाणं पुन्हा लिहून घेतलं. पुढे अशी एकूण ५६ गाणी. दर आठवड्याला डेडलाईन! आमच्या क्षेत्रात याला रिलीज म्हणतात आणि लोक नोकऱ्या सोडतात. पण आपण या गोष्टीपुढेही उदबत्ती लावतो.

विनोद रेडिओला वर्ज्य होता असंही नाही. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांनी पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी घराघरात नेले. फक्त तो विनोद घरावर होता, केंद्रावर नव्हता. सरकारी माईकसमोर बसून सरकारी कचेरीची टिंगल कोण करणार? दूरदर्शनही सरकारचंच. तेव्हाचं कारण मला मान्य आहे. पण १९९९मध्ये अल्फा मराठी आलं, मागोमाग बाकीच्या वाहिन्या आल्या. त्यानंतर काय अडचण होती? सासू-सुनांना वेळ होता, कॅज्युअल अनाउन्सरला नव्हता.

कोणी म्हणेल, मालिका नाही झाली तर काय बिघडलं? बिघडलं. जून २०२३मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा निर्णय आला. ओरड झाली आणि त्याला स्थगिती मिळाली, हे चांगलंच. पण तेव्हा आलेल्या भावुक मेसेजपैकी किती जणांना माहीत होतं की त्या विभागात कोण बसतं, बातमी कशी येते, निवेदकाला रोजाने बोलावतात की पगार असतो? मला नव्हतं. लेस नेसमन मात्र तोंडपाठ! चार सीझन पाहिल्यावर सिनसिनाटीतल्या खोट्या केंद्राचे हिशेबसुद्धा कळतात, आणि आपल्या जळगाव केंद्राबद्दल मला आजोबांच्या खरखरीपलीकडे काही सांगता येत नाही.

असो. सहकाऱ्याला एवढंच म्हटलं, पहिल्या भागात कवीला कोंडायचं. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई जेवायला गेलेला.