महाविद्यालयाचे दप्तर कोणाचे?

विद्यार्थ्याने शुल्काचा हिशेब मागितला की अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयातून हमखास उलट विचारणा होते, 'कशासाठी हवा?' माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे अर्जदाराला कारण सांगावे लागत नाही. 'आमची संस्था खाजगी' ही ढालही उरलेली नाही. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणारी महाविद्यालये या कायद्याच्या कक्षेत येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डी.ए.व्ही. संस्थेच्या प्रकरणात दिला. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क तर २०११ सालीच मान्य झाला आहे.

वस्तुतः अर्जाची पाळीच येऊ नये. अंदाजपत्रक, कर्मचाऱ्यांचे वेतन हे सारे कलम ४ नुसार आपण होऊन प्रसिद्ध करावयाचे असते. ते होत नाही. आणि जनमाहिती अधिकारी म्हणून नेमला जातो तो अनेकदा एखादा ज्येष्ठ लिपिक, ज्याच्या हाती हिशेबाच्या कपाटाची किल्लीही नसते! तीस दिवसांची मुदत टळली की दिवसाला २५० रुपये दंड त्याच्या माथी. कागद अडवून धरणारे संस्थाचालक, ज्यांचे नाव त्या फलकावर कोठेच नसते, ते मात्र नामानिराळे राहतात.